केळ्यावरची माशी

केळ्यांचा घड दोन दिवस घरात राहिला, की त्याभोवती बारीक चिलटे घोंगावू लागतात. आपण हात झटकून त्यांना हाकलतो. मी मात्र विद्यार्थिदशेत याच माश्या बाटलीत घालून पोसल्या आहेत. त्यांचे डोळे तांबडे असतात, हे मला तेव्हापासून ठाऊक! पण याच माश्या एके दिवशी आमच्या शेजारणीची वकिली करतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

शेजारच्या वहिनींचा मुलगा तीन वर्षांचा. चालणे उशिरा, बोलणे त्याहून उशिरा. अखेर तपासणीचा कागद आला : डाऊन सिंड्रोम. पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे. एकविसावे दोनदा असायचे, ते तीनदा. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरलीन, त्याचं हे फळ!"

वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, खरं सांगा. माझं काही चुकलं का हो?"

मी त्यांना न्यूयॉर्कमधल्या एका खोलीची गोष्ट सांगितली.

कोलंबिया विद्यापीठातली ही 'माश्यांची खोली'. दुधाच्या बाटल्यांत माश्या आणि सगळीकडे पिकल्या केळ्यांचा वास! तेथे १९१० साली प्रोफेसर मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्यांच्या हाताखाली बाटल्या धुण्याचे काम करता करता कॅल्विन ब्रिजेस हा विद्यार्थी माश्यांत रमला, आणि डॉक्टरेटसाठी त्याने एक चमत्कारिक कोडे हाती घेतले.

आई पांढऱ्या डोळ्यांची आणि बाप तांबड्या डोळ्यांचा असला, तर मुलींना एक 'एक्स' गुणसूत्र आईचे व एक बापाचे मिळते. म्हणून त्या बापासारख्या तांबड्या डोळ्यांच्या. मुलग्यांना 'एक्स' मिळते ते फक्त आईचे. म्हणून ते पांढऱ्या डोळ्यांचे. हा झाला नियम. पण सुमारे २,००० माश्यांत एखादी मुलगी थेट आईवर जाई! एखाद्याने बाटलीत भेसळ झाली म्हणून ती फेकून दिली असती. ब्रिजेसने ती जपली. त्याने तर्क केला : अंडे तयार होताना आईच्या दोन 'एक्स'ची जोडी फुटायची राहिली, आणि दोन्ही एकाच अंड्यात गेली. तसे असेल, तर या मुलीत दोन 'एक्स' आणि शिवाय बापाचे 'वाय' दिसले पाहिजे. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिन्ही हजर! १९१६ साली 'जेनेटिक्स' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात त्याचा प्रबंध आला. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवरूनच वाहिले जातात, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

पुढे १९५९ साली फ्रान्समध्ये लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांत एक जादा गुणसूत्र दाखवून दिले. बहुतेक वेळा तेथेही हीच गोष्ट घडलेली असते : जोडी फुटत नाही. आईच्या वयाबरोबर तसा संभव वाढतो खरा, पण विशीतल्या आईच्या बाबतीतही ते घडते. ग्रहणाचा नि विळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खरंच की! माश्या कुठं ग्रहण पाळतात, भाऊजी!"

सासूबाई दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या, ते आम्हाला कळलेच नाही. त्या बोलल्या काहीच नाहीत. पण आत येऊन त्यांनी नातवाला मांडीवर घेतले, ताटलीतले एक केळे सोलले, आणि त्याच्या हातात दिले.