फाइलची ओळख नावावरून नव्हे, ठशावरून

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील आपल्या समाजाची अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. एकाने इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे आणि पेनड्राइव्हवरून चौघांना द्यायचे, ही पद्धत सर्रास दिसते. सहकार्य म्हणून ती चांगलीच आहे. परंतु हाती आलेली फाइल मूळ निर्मात्याचीच आहे, हे ओळखायचे कसे? फाइलचे नाव तर कोणीही बदलू शकतो. बाटलीवर औषधाची चिठ्ठी चिकटवली म्हणून आत औषधच असते असे नाही.

यासाठी 'हॅश' ही गणिती पद्धत आहे. फाइल लहान असो वा मोठी, 'एसएचए-२५६' पद्धतीने तिच्यातील मजकुरावरून ६४ चिन्हांचा ठसा निघतो. आत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पार बदलतो. नुसते नाव बदलले तर तो तोच राहतो. अनेक निर्माते हा ठसा आपल्या संकेतस्थळावर देतात. आपल्याकडील फाइलचा ठसा विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' व लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम' या आज्ञेने काढता येतो. दोन्ही जुळले नाहीत तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कोणीतरी बदलली आहे. ती चालवू नये.

हा धोका काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी 'लिनक्स मिंट'च्या संकेतस्थळात घुसखोर शिरले व त्यांनी लोकांना छुपी वाट ठेवलेली प्रत मिळेल अशी व्यवस्था केली. खोटी प्रत ओळखण्यासाठी निर्मात्यांनी ठसा तपासण्यासच सांगितले.

काही पथ्ये मात्र पाळावीत. ठसा फाइल देणाऱ्याकडून न घेता मूळ निर्मात्याकडून घ्यावा. संकेतस्थळच फोडले गेले तर तेथील ठसाही बदलला जाऊ शकतो, म्हणून शक्य तेथे निर्मात्याची डिजिटल सही तपासावी. 'एमडी५' व 'एसएचए-१' या जुन्या पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा अनुक्रमे २००४ व २०१७ मध्ये काढून दाखवला गेला. त्यांवर विसंबू नये. शिवाय ठसा जुळला म्हणजे फाइल मूळचीच आहे एवढेच कळते. सॉफ्टवेअर निर्दोष आहे असे ठरत नाही.

केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. मित्राने दिलेली फाइल तपासणे म्हणजे मित्रावर अविश्वास नव्हे; बदललेली फाइल त्याच्याही नकळत आलेली असू शकते. आपल्या विद्यार्थ्यांनी ही दोन मिनिटांची सवय स्वतःला लावावी व धाकट्या भावंडांनाही शिकवावी, एवढीच आमची विनंती.