160 चौरस फुटांची खोली आणि मालकीचा कागद : वरळीची बीडीडी चाळ समजून घेताना

वरळी म्हटले की बाहेरच्या माणसाला सी-फेस, सी-लिंक आणि काचेचे टॉवर आठवतात. समुद्राच्या त्या कठड्यापासून थोडे आत चालत आले की वरळी नाका, जांबोरी मैदान, आंबेडकर मैदान आणि बीडीडी चाळी लागतात. आपल्या चळवळीच्या इतिहासात या चाळींचे नाव वारंवार येते. पण तिथे माणसे कशी राहिली आणि आज तिथे काय बदलते आहे, हे तरुण कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना नेमके माहीत असते.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात हे खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर घ्यायचा, अशी योजना होती. प्रत्यक्षात सुमारे 16 हजार खोल्या झाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, त्यातल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे एका चाळीत 80 कुटुंबे. खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक.

आज विश्वास बसणार नाही, पण सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. गिरण्या लांब आणि भाडे परवडणारे नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला. भिंतींचे रूप पाहिले तर त्यांना फार बदल करावा लागला नसेल!

मग रत्नागिरी, सातारा, नगर, कोल्हापूरकडचे लोक आले. आले ते एकेकटे नाही, गावच्या गाव आले. एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळ्यांप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा. पुढे बायका-मुले आली. कोणत्या चाळीत कोण राहते हे गाव आणि जात यांवरून ठरत गेले. त्यामुळे आपल्या माणसांच्या चाळी वेगळ्या ओळखू येऊ लागल्या. हे कोणी पाटी लावून केले नव्हते. गिरणीतही पाटी नव्हतीच. तरी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला जागा नव्हती, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. जातीची आर्थिक किंमत समजून घ्यायला मला समाजशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा या एका उदाहरणाचा जास्त उपयोग झाला.

मी चाळीत वाढले. खोलीला दार असते, पण ते दिवसा लावायचे नसते, हा तिथला अलिखित नियम. स्वयंपाक, अभ्यास, बाळंतपण, आजारपण सगळे त्या 160 फुटांत. न मावणारे सगळे पॅसेजमध्ये. दहावीचा अभ्यास आम्ही पॅसेजच्या दिव्याखाली केला. मुलीचे लग्न ठरले की शेजारच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी रिकाम्या होत. कोणी वारले की मजल्यावरच्या चुली आपोआप थंड होत आणि पंचायत समितीच्या शाखेतले लोक न बोलावता येत. बुद्धवंदनेची गाथा मी विहारात नाही, पॅसेजमधल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाठ केली.

हे सांगताना चाळीचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. पहाटे संडासाच्या रांगेत उभे राहायला लागू नये म्हणून आई रात्री पाणी कमी प्यायची. पाळीच्या दिवसांत कपडा वाळवायला जागा नसायची. नवरा-बायकोचे भांडण मजल्याला ऐकू जायचे, मार खाणारीचे रडणेही. पण मध्ये पडायचे की नाही, हे नेहमी पुरुषच ठरवायचे. चाळीतला एकोपा खरा होता, आणि त्याचा भार बायकांनी वाहिला हेही खरे.

5 जानेवारी 1974 चा उल्लेख टाळता येत नाही. मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. आंबेडकर मैदानावरच्या पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. एरवी शेजार देणारी चाळींची रचनाच तेव्हा उलटली. गच्च्या आणि जिने मोर्चेबंदीची ठिकाणे झाली. पोलिसांची कुटुंबेही याच चाळींत राहत होती, त्यामुळे कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे, हा प्रश्न खिडकीतूनच दिसत होता. रमेश देवरुखकर गेले. 10 जानेवारीच्या मोर्चावर परळ भागात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेले. पुढे न्या. भस्मे आयोग नेमला गेला. आमच्या आजीच्या तोंडून मात्र एवढेच यायचे, ‘त्या वर्षी आम्ही दारं लावून झोपलो.’

1982 च्या संपाने गिरणीची मिळकत संपली, खोली तेवढी उरली. तीही खारट वाऱ्याने पोखरलेली. समुद्राच्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये शिरले की आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर पोपडे धरून खाली येतो. शंभरीला आलेल्या इमारतीवर नुसता गिलावा मारून हे थांबत नाही. म्हणून पुनर्विकास नको, असे म्हणणारे आज फारसे कोणी नाही. म्हाडामार्फत 500 चौरस फुटांचे घर, तेही मालकी हक्काने आणि फुकट, अशी ही योजना आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ज्यांच्या तीन पिढ्या संडासाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या आनंदाला नाके मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

माझी काळजी कागदाची आहे. आजवर खोली सरकारची होती, आपण भाडेकरू. भाडेपावती आजोबांच्या, मग थोरल्या मुलाच्या नावावर. भाडे भरायचे तर नाव कोणाचे याने फारसा फरक पडत नव्हता. आता तेच नाव वरळीतल्या मालकीच्या फ्लॅटवर चढते. म्हणून ‘सही कर गं, नुसती फॉर्म्यालिटी आहे’ असे म्हणत बहिणींकडून हक्कसोडपत्रे घेतली जात आहेत. गेल्या वर्षी अशा एका ताईंबरोबर मी एका कार्यालयात गेले. समोरच्या कारकुनाने विचारले, ‘लग्न झालंय ना तुमचं? मग इथे काय?’ ताईंचा नवरा वारला होता, त्या दोन मुलांसह याच खोलीत राहत होत्या, वीजबिलही त्याच भरत होत्या.

1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि मृत्युपत्र न करता वारलेल्या वडिलांच्या मिळकतीत त्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत. सरकारी भाड्याची खोली कोणाच्या नावे करायची याचे नियम वेगळे असतात, हे मान्य. पण म्हणूनच सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवणे गरजेचे आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या फोटोखाली बसून आपण बहिणीचा अंगठा घेतो, याची आपल्याला लाज वाटत नाही का?

दुसरा प्रश्न देखभालीचा. पहिली 12 वर्षे देखभाल फुकट आहे. त्यानंतर 40 मजली इमारतीची लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च घरकाम आणि सिक्युरिटीच्या पगारातून येणार. ज्याला तो जमणार नाही, तो घर विकून लांब उपनगरात जाईल आणि समुद्राचा वारा दुसऱ्या कोणाला लागेल. सोसायटीच्या कमिटीत आपली शिकलेली मुले-मुली आत्तापासून बसली, हिशेब वाचायला शिकली, निधी साठवला, तर हे काही प्रमाणात टाळता येईल.

दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही काही जणी विहारात बसतो. जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्डे, मृत्यूचे दाखले तपासतो आणि प्रत्येक घरातल्या मुलींची नावे वहीत वेगळी लिहून घेतो. गेल्या रविवारी एक आजोबा पावती घेऊन आले. तिघांची नावे सांगितली, तिन्ही मुलगे. आम्ही विचारले, मुली किती? ते थोडे थांबले, मग म्हणाले, ‘दोन. लिहा, त्यापण लिहा.’