आरसीवरची तारीख आणि गाडीखालचा गंज
लेखमाला : आपली गाडी, आपले कागद – लेखांक ६

एमपरिवहन ॲपवर आपल्या मोटारीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं झाकलेली दिसतील, मग मॉडेल, इंधन, विम्याची मुदत आणि त्यांच्या जवळच ‘फिटनेस’ या शब्दासमोर एक तारीख. गाडी २०१५ साली नोंदलेली असेल तर तिथे २०३० दिसेल. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस ही तारीख वाचतो आणि निर्धास्त होतो. सरकारच सांगतंय की गाडी २०३० पर्यंत ठणठणीत आहे, मग आपण कशाला शंका घ्यायची?

सरकार असं काहीही सांगत नाही. ती तारीख गाडी नवी होती तेव्हाच नोंदली गेली. त्यानंतर गाडी दरीत कोसळून परत बांधली गेली असेल, पुरात दोन दिवस बुडाली असेल किंवा तिचे ब्रेक पार उतरले असतील, तरी ती बदलत नाही. आजच्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की आपल्याकडे खाजगी मोटार विकली जाते तेव्हा बदलतं ते फक्त मालकाचं नाव. गाडी रस्त्यावर धावण्याच्या लायकीची आहे का, हा प्रश्न त्या व्यवहारात कोणीच विचारत नाही.

नवी गाडी नोंदवताना शोरूमकडून जे कागद येतात त्यात फॉर्म २२ असतो. गाडी प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे निकष पाळते आणि रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे, असा तो उत्पादकाचा दाखला. त्याच्या आधारावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीला १५ वर्षांची नोंदणी मिळते. कंपनीत पूर्ण बांधून आलेली मोटार आता या पहिल्या नोंदणीसाठीसुद्धा आरटीओत न्यावी लागत नाही. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी, स्कूलबस यांचं तसं नाही. त्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. म्हणजे शेजारच्या रिक्षावाल्याची रिक्षा १५ वर्षांत दहा-अकरा वेळा तपासली जाते आणि त्याच रस्त्यावरून दुप्पट वेगाने जाणारी आपली मोटार एकदाही नाही.

विक्रीच्या वेळी काय होतं तेही पाहा. फॉर्म २९ भरून विकणारा कळवतो की गाडी दिली. फॉर्म ३० वर दोघं सह्या करून हस्तांतर मागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, विमा, पीयूसी. सगळे कागद आवश्यकच आहेत, पण ते ओळख पटवणारे आणि मालकी ठरवणारे आहेत. पीयूसी धुरापलीकडे काहीच पाहत नाही. स्टिअरिंगचा सांधा निखळायला आलेल्या गाडीलाही पीयूसी मिळते.

ज्यांची मुलं-सुना मेलबर्नला आहेत त्यांनी तिथल्या गाडीविक्रीबद्दल घरी ऐकलं असेल. व्हिक्टोरिया राज्यात नोंदणी असलेली जुनी मोटार विकायची तर परवानाधारक तपासनिसाकडून रोडवर्दी सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि ते ३० दिवसच चालतं. चाकं, टायर, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट, काच, सांगाडा हे सगळं पाहिलं जातं. गाडी नापास झाली तर दुरुस्त करा, नाहीतर नोंदणीशिवाय विका. तो दाखलाही सर्वज्ञ नसतो. इंजिन किती वर्षं टिकेल, एसी चालतो का, हे तो सांगत नाही. ब्रिटनमध्ये एमओटी ही तपासणी १९६० साली दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी सुरू झाली आणि १९६७ मध्ये ती अट तीन वर्षांवर आणली गेली. तेव्हापासून ती दरवर्षी होते. गाडीचा नंबर टाकला की तिच्या आधीच्या तपासण्यांचे निकाल आणि त्या त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग कुणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. मीटर मागे फिरवणाऱ्याची तिथे पंचाईत होते.

आपल्याकडे तपासणीचा प्रसंग येतो तो १५ व्या वर्षी. मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरण मागायचं, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी पहिल्यांदा तपासणीला न्यायची. पास झाली की पुढची पाच वर्षं. मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि उशीर केला तर दरमहा ५०० रुपये वर.

तपासणी कशी होते, यावर बराच काळ टीका होत राहिली आणि ती रास्त होती. निरीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली, हॉर्न वाजवला, दिवे लावून पाहिले, झालं पासिंग. महाराष्ट्रात ब्रेकची चाचणी घ्यायला २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे, यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले आणि इथे मला खरी आशा वाटते. या केंद्रात गाडीची चाकं फिरत्या रोलरवर चढवतात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो ते यंत्र मोजतं. डावं चाक घट्ट आणि उजवं सैल धरत असेल तर पावसात जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला खेचली जाते. हा दोष रोज चालवणाऱ्याच्या पायाला सवयीने कळेनासा होतो, रोलरवर मात्र तो आकड्यात दिसतो. एका हलत्या पट्टीवर स्टिअरिंगच्या सांध्यांची ढिलाई पाहतात, दुसऱ्या पट्टीवरून गाडी सरळ नेताना चाकं बाजूला किती सरकतात ते मोजतात. हेडलाइटचा झोत, धूर आणि हॉर्नचा आवाज हेही यंत्रच मोजतं.

याच नियमांमधली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. अशा केंद्राने फक्त तपासायचं. गाडी दुरुस्त करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत. ज्याला दुरुस्तीतून पैसे मिळणार तो नसलेला दोष दाखवेल, आणि ज्याला गाडी विकायची आहे तो असलेला दोष झाकेल, हे ओळखून केलेली ही तरतूद आहे.

मग ही केंद्रं उभी राहत असताना सात-आठ वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या हस्तांतराच्या अर्जाला त्यांचा एक ताजा अहवाल जोडायला काय हरकत आहे? दर वर्षी नको, दर विक्रीला हवा. चार-पाच लाखांची गाडी घेणाऱ्याला त्याचा खर्च जड जाणार नाही, आणि हप्त्यावर पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबाला तर त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. नियमात हे येईल तेव्हा येईल. तोवर आपल्यालाच ते करायचं आहे.

मेकॅनिक आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय बयाणा देऊ नये. खालून पाहिलं की सांगाड्याचं वेल्डिंग, गंज, ऑइलची गळती, फाटलेले रबर बूट दिसतात. वरून केलेलं डेंटिंग-पेंटिंग हे काही लपवू शकत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. टायरच्या खाचेतले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले असतील तर टायर संपला.

पुराची गाडी ओळखणं महाराष्ट्रात तरी प्रत्येकाने शिकायला हवं. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. दर पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज बाहेर न येणाऱ्या त्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांवर, कार्पेट उचलून त्याच्या खाली हात फिरवा. वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने त्रास देतं, आणि एअरबॅग त्याच वायरिंगवर चालते.

आता विकणाऱ्यासाठी. गाडी दिली, पैसे मिळाले, फॉर्मवर सह्या झाल्या, ‘ट्रान्सफर तुम्ही करून घ्या’ असं सांगून माणूस मोकळा होतो. २००७ साली विकलेली अशीच एक मोटार पुढे अनेक हातांतून गेली, पण नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एक मुलगा गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, म्हणजे त्या पहिल्या मालकावर टाकली. नोंदीत ज्याचं नाव तो मालक, मधले व्यवहार अपघातग्रस्ताने शोधत बसायचे नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं.

गाडी डीलरला देत असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तुमच्या बाजूचे आहेत. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र असायला हवं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये पोर्टलवर जायला हवी. ती गेली की पुढची जबाबदारी डीलरची. अधिकारपत्र पाहायला मागा. आणि गाडी कुणालाही देताना ताबापावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच संध्याकाळी गाडीने सिग्नल तोडला आणि चलन तुमच्या मोबाइलवर आलं, तर गाडी तेव्हा कुणाच्या ताब्यात होती हे दाखवायला ती पावती लागेल. हस्तांतर झाल्याची नोंद ॲपवर दिसेपर्यंत ती सांभाळून ठेवा.