लेट फी: विनंती कुठे करायची, हक्क कुठे सांगायचा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या आपल्या औद्योगिक पट्ट्यात पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कधीही जमा होतो. सात तारखेपर्यंत पगार देण्याची मुभा मालकाला कायद्यानेच आहे. क्रेडिट कार्डाची ड्यू डेट मात्र अनेकांची चार तारीख. पगार सहाला होतो, बिल सातला भरलं जातं आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये लेट फीची ओळ दिसते. मग छत्रपती संभाजीनगरात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, बँकेने लावली म्हणजे भरायचीच. दुसरे म्हणतात, फोन करून आवाज चढवा, लगेच काढतात. नुकसान दोघांचंही होतं, कारण दोघंही एक फरक लक्षात घेत नाहीत. नियमानुसार लागायलाच नको होती अशी फी परत मागणं हा आपला हक्क आहे. नियमानुसार लागलेली फी माफ करा, ही विनंती आहे. आधी आपली फी यातली कोणती, ते ठरवायचं आणि मगच फोन उचलायचा.

“ड्यू डेट उलटली की त्याच रात्री फी लागते”

लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश काढले आणि ते त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. त्यानुसार खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते आणि तेव्हाच ते थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवता येतं. ड्यू डेट चार तारीख असेल आणि पैसे सात तारखेला कार्ड खात्यात जमा झाले असतील, तर लेट फी लागायला नको. सुरुवातीच्या उदाहरणातली फी अशीच आहे. तिथे “प्लीज माफ करा” म्हणायचं कारण नाही. “ही फी नियमात बसत नाही, परत करा” एवढंच सांगायचं.

पण या तीन दिवसांचा अर्थ ड्यू डेट पुढे गेली असा नाही. चौथा दिवस उजाडला की दिवसांची मोजणी मूळ ड्यू डेटपासूनच होते. ही सवलत लेट फी आणि तत्सम दंडापुरती आहे. व्याजालाही ती मिळेलच असं धरून चालू नका. शिवाय पैसे आपल्या बँकेतून कधी गेले यापेक्षा कार्डाच्या खात्यात कधी जमा झाले, यावरून वाद होतात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, तरी दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून केलेला भरणा कार्डावर दिसायला कधी एक-दोन दिवस जातात. म्हणून भरण्याचा व्यवहार क्रमांक आणि तारीख-वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

“फी बिलाच्या पूर्ण रकमेवरच ठरते”

हाही जुना समज. ड्यू डेटनंतर जेवढी रक्कम शिल्लक राहिली, तेवढ्यावरच लेट फी आकारायची, असं निर्देशांत स्पष्ट आहे. समजा बिल २६,००० रुपये, मिनिमम ड्यू म्हणजे किमान भरायची रक्कम १,३०० आणि तुम्ही गडबडीत वेळेवर १,२०० भरले. मिनिमम पूर्ण न भरल्यामुळे फी लागेल, पण ती २४,८०० रुपयांच्या हिशेबाने लागायला हवी. बँकांचे तक्ते टप्प्यांचे असतात. २५ हजारांपर्यंत एक आकडा, त्यापुढे दुसरा. म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा फरक इथेच निघू शकतो. मोठ्या बँकांत सर्वांत वरच्या टप्प्याची फी तेराशे रुपयांच्या आसपास आहे. आपल्या कार्डाचा तक्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो, तो उघडून स्टेटमेंटशेजारी ठेवा.

“लेट फी माफ झाली, आता मिटलं”

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबू.

समजा गुलमंडीतल्या दुकानात २५ जूनला २०,००० रुपयांची खरेदी केली. स्टेटमेंट १८ जुलैला निघालं, ड्यू डेट ७ ऑगस्ट. तुम्ही पूर्ण रक्कम १२ ऑगस्टला भरली. पाच दिवसांचा उशीर. या टप्प्याची लेट फी ९०० रुपये धरली, तर १८ टक्के जीएसटी मिळून १,०६२ रुपये होतात. सगळ्यांचं लक्ष या ओळीवर जातं.

तिच्याखालची ओळ व्याजाची. बिल वेळेवर पूर्ण न भरल्याने बिनव्याजी मुदत रद्द झाली आणि व्याज ड्यू डेटपासून नाही, तर खरेदीच्या तारखेपासून लागलं. २५ जून ते १२ ऑगस्ट म्हणजे ४८ दिवस. दर महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के, असा अनेक कार्डांवर असतो. २०,००० रुपयांवर ४८ दिवसांचं व्याज होतं सुमारे १,१८४ रुपये. कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही. म्हणून त्यावर आणखी २१३. एकूण जवळजवळ १,३९७ रुपये.

म्हणजे लेट फीपेक्षा व्याजच जास्त. फोनवर “लेट फी माफ करा” एवढंच म्हटलं तर समोरचा तेवढीच काढतो, आपण आभार मानून फोन ठेवतो आणि १,३९७ रुपये खात्यावर तसेच राहतात. विनंती करताना तिन्ही गोष्टी नाव घेऊन सांगा: लेट फी, व्याज आणि दोन्हींवरचा जीएसटी. आणि शिल्लक पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून तोवर ते कार्ड वापरू नका.

“मिनिमम ड्यू भरलं की व्याज लागत नाही”

मिनिमम वेळेवर भरलं की लेट फी टळते. व्याज टळत नाही. फक्त मिनिमम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापणं बँकांना बंधनकारक आहे. तो इशारा बहुतेक जण वाचत नाहीत. ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते ‘टोटल ड्यू’ला लावलंय की ‘मिनिमम’ला, हे आजच तपासा.

“आवाज चढवला की माफ करतात”

नियमानुसार लागलेली फी माफ करणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. गेलं वर्षभर सगळी बिलं वेळेवर भरलेल्या ग्राहकाचा एखादा उशीर बँका अनेकदा माफ करतात, कारण असा ग्राहक त्यांना हवा असतो. म्हणून आपली खरी ताकद आपला इतिहास आहे. कस्टमर केअरवरच्या मुलाला दम देऊन काही साधत नाही. त्याच्या हातात ठरावीक अधिकार असतात आणि तो नकार देईल तेव्हा तक्रार एक पायरी वर न्यायची असते.

क्रम असा ठेवा. आधी पूर्ण थकबाकी भरा. मग फोन, बँकेचं ॲप किंवा ई-मेल. फोन केला तरी नंतर लेखी पाठवाच. मजकूर चार ओळींचा पुरतो: “माझी ड्यू डेट ७ ऑगस्ट होती. रुग्णालयाच्या कामामुळे भरणा १२ ऑगस्टला केला. मागच्या बारा महिन्यांत एकही उशीर नाही. या स्टेटमेंटमधली लेट फी, व्याज आणि त्यावरचा जीएसटी माफ करावा, ही विनंती.” कारण खरं असेल तेच लिहा. नोंद क्रमांक मागून घ्या. पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा दाखवू असं सांगितलं, तर ते स्टेटमेंट आल्यावर खरंच पाहा. नकार आला तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. त्यांचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो.

बँकेशी बोलून अटी बदलून घेणं या शहराला नवीन नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एका वेळी घेतल्या आणि स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्के दराने कर्ज दिल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. नऊशे रुपयांची लेट फी माफ करा म्हणायला लाज वाटण्याचं कारण नाही.

विनंतीबरोबर आणखी एक गोष्ट मागा. बिलाचं चक्र आपल्या सोयीने किमान एकदा बदलून देणं कार्ड कंपन्यांवर बंधनकारक आहे. पगार सातपर्यंत होत असेल तर ड्यू डेट पंधराच्या आसपास आणून घ्या. दरवर्षी दोनदा माफी मागण्यापेक्षा हे एकदाच करणं शहाणपणाचं.

“वाद मिटेपर्यंत एक पैसा भरायचा नाही”

असं करून माणसं स्वतःला अडचणीत आणतात. वादातले, समजा, ३०० रुपये थकीत राहतात, पुढच्या मिनिमम ड्यूमध्ये मिसळतात आणि त्यांवरून पुन्हा उशीर मोजला जातो. न भरलेलं शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण खातं थकीत दिसण्यापासून ही मनाई वाचवत नाही. आक्षेप लेखी नोंदवा आणि भरणा करून टाका. जिंकलात तर रक्कम परत येते. अपवाद फसवणुकीच्या व्यवहाराचा. आपण न केलेला व्यवहार म्हणून तक्रार केली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत त्या रकमेवर शुल्क लावता येत नाही.

“फी माफ म्हणजे सिबिलही साफ”

या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बँकेने फी सोडली तरी तीन दिवसांपुढचा उशीर सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला कळवला गेला असेल, तर तो खरा असल्याने तिथे राहतो. माफीच्या पत्रात त्याचा उल्लेख नसतो. मात्र नोंदच चुकीची असेल, म्हणजे पैसे मुदतीत भरूनही उशीर दाखवला असेल, तर ती दुरुस्त करून मागा. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो.

“तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदेशीर आहे”

मोबाइलवर फिरणारा हा मजकूर बँकेला पाठवू नका, बाजू कमकुवत होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तसंच रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ मधल्या दंडात्मक शुल्काच्या परिपत्रकाचं. ते कर्जांसाठी आहे आणि क्रेडिट कार्डांना लागू नाही, असं त्यातच लिहिलं आहे. कार्डधारकाने रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबाबतच्या निर्देशांवरच बोट ठेवावं.

“तक्रार करायची तर मुंबई गाठावी लागते”

बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवस उलटले, किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था देशभर एकच आहे. तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने जाते, शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. पण इथेही हक्क आणि विनंतीमधला तोच फरक आडवा येतो. लोकपाल सेवेतली त्रुटी पाहतात, बँकेचा व्यावसायिक निर्णय पाहत नाहीत. तीन दिवसांच्या आत भरूनही फी लावली, ही त्रुटी. उशीर झाला होता आणि बँकेने माफी नाकारली, यात त्रुटी नाही. त्या तक्रारीत वेळ घालवू नका.

दुसरी वाट आपल्या शहरातच आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की गुरुग्रामला, तक्रार छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हजार रुपयांसाठी ही वाट धरावी का, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. बँक महिनोन्‌महिने तीच चूक करत असेल, तर जरूर धरावी, असं माझं मत आहे.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. “तुमची लेट फी माफ झाली आहे, ओटीपी सांगा” किंवा “ही फाइल मोबाइलवर घ्या” असा फोन आला तर तो चोराचा आहे. फी माफ करायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेलाच वापरा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर कळवा.

या महिन्याचं स्टेटमेंट आलं की सर्वांत आधी लेट फीची ओळ शोधा आणि तिच्या शेजारी दोन तारखा लिहा: ड्यू डेट आणि पैसे जमा झाल्याची तारीख. अंतर तीन दिवस किंवा कमी असेल तर परतफेड मागा, जास्त असेल तर माफीची विनंती करा.