पिंजऱ्यातील पोपट : पाळीवपणाचा नैतिक विचार

प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड हे गाव होळकरांचा रंगमहाल, रेणुकादेवीचे मंदिर आणि डोंगरातील जैन लेणी यांमुळे सर्वपरिचित आहे. तालुक्यात द्राक्ष व डाळिंबाच्या बागा आहेत. फळ भरू लागले की पोपटांचे थवे बागांवर उतरतात आणि शेतकऱ्याला जाळी, गोफण, चकाकत्या फिती यांचा आधार घ्यावा लागतो. हाच पक्षी ओसरीवरील पिंजऱ्यात आला की ‘मिठू’ होतो. त्याला मिरची, पेरूची फोड, भिजवलेली डाळ मिळते. या दोन वर्तनांपैकी अधिक क्रूर कोणते, असे विचारल्यास बहुतेकांचे बोट बागेकडे वळेल. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

पोपट घरात येतो कसा ?

महाराष्ट्रात सर्वाधिक पाळला जाणारा पोपट म्हणजे गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला हिरवा पोपट. त्याखालोखाल आकाराने मोठा, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला पहाडी पोपट आढळतो. दोन्ही जाती झाडांच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतींच्या भोकांत घरटे करतात. विणीचा काळ साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. प्रौढ पोपट पकडल्यास सहसा माणसाळत नाही. म्हणून पंख फुटण्यापूर्वीच पिल्ले काढली जातात. त्यासाठी पुष्कळदा ढोलीचे तोंड फोडून रुंद केले जाते. तसे झाले की ती ढोली पुढील हंगामात निरुपयोगी ठरते. पोपट लाकूड कोरून स्वतःची ढोली क्वचितच तयार करतो. तो सुतार, तांबट यांसारख्या पक्ष्यांनी सोडलेल्या जागांवर बराच अवलंबून असतो. त्यामुळे एका पिलाच्या खरेदीमागे एका विणीची नव्हे, पुढील अनेक विणींची हानी असू शकते. “आम्ही पकडला नाही, विकत घेतला” या युक्तिवादाचा टिकाव येथेच लागत नाही. मागणी नसती तर झाडावर कोणी चढलेच नसते.

कायद्याची भूमिका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ‘शिकार’ या संज्ञेत केवळ मारणे येत नाही; पकडणे, सापळा लावणे, वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे यांचाही तीत समावेश होतो. कायद्याने उपद्रवी ठरविलेल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची होती. तीत कावळा व उंदीर होते, पोपट नव्हता. 1991 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापाराला पूर्ण आळा घालण्यात आला. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना झाली व ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. भारतीय पोपट आता अनुसूची 2 मध्ये आहेत. तात्पर्य, ओसरीवरचा मिठू कायद्याने बेकायदा आहे, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियातील बजरीगर किंवा आफ्रिकेतील लव्हबर्ड पाळण्यास हा निर्बंध लागू नाही. परंतु कायदा गप्प आहे म्हणून नीतीनेही गप्प बसावे असे नाही.

न्यायालयांनी या प्रश्नात कायद्याच्या पलीकडे पाऊल टाकले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जलीकट्टूविषयक खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला; नैसर्गिक वर्तन करण्याचे स्वातंत्र्य त्यांपैकी एक. 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा अधिकार असल्याचे मत नोंदविले.

‘दार उघडले तरी जात नाही’

पोपट पाळणाऱ्यांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद प्रेमाचा आहे. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले तरी पोपट खांद्यावर येऊन बसतो, उडून जात नाही; म्हणजे तो स्वखुशीने राहतो, असे सांगितले जाते. या युक्तिवादाचे परीक्षण करताना मराठी वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पोपट बसताच नळी त्याच्या भाराने फिरते, तो उलटा लटकतो आणि आपणच धरलेली नळी आपल्याला धरून आहे असे समजून ती सोडत नाही. ज्ञानदेवांना त्यातून जीवाचा भ्रम सांगायचा आहे. पण त्या नळीकडे पारध्याच्या बाजूनेही पाहता येते. पोपट भ्रमात असला तरी नळी कोणीतरी हेतुपुरस्सर लावलेली असते. डोळे उघडण्यापूर्वी किंवा उघडताच ढोलीतून काढलेल्या, माणसाच्या हातून चारा घेतलेल्या आणि अनेकदा पंखांची पिसे कापलेल्या पक्ष्यापुढे दार उघडणे ही निवड ठरत नाही. ज्याला पर्याय माहीतच नाही, त्याच्या राहण्याला संमती म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय.

चांदवडच्या लेण्यांमुळे येथील वाचकाला जवळची वाटेल अशी आणखी एक नोंद येथे करणे उचित ठरेल. जैन आचारशास्त्रात तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांत पहिला क्रम बंधाचा आहे. वेळेवर अन्नपाणी देणारा मालक पाचव्या दोषातून सुटतो. पहिल्यातून मात्र सुटत नाही.

बोलणाऱ्या पक्ष्याचे एकटेपण

पोपटाला स्वररज्जू नसतात. तो कंठाच्या तळाशी असलेल्या शब्दिनी नावाच्या अवयवातून आवाज काढतो. रानात थव्यातील सोबत्यांचे आवाज आत्मसात करणे हा त्याच्या सामाजिक जीवनाचा भाग असतो. पिंजऱ्यात थवा म्हणजे घरातील माणसे. म्हणून तो त्यांचे शब्द उचलतो. ज्याला आपण कौतुकाने ‘बोलणे’ म्हणतो, तो बहुधा सोबतीचा शोध असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 पासून 2007 पर्यंत अॅलेक्स या आफ्रिकन करड्या पोपटावर केलेल्या अभ्यासातून रंग, आकार व लहान संख्या ओळखण्याची त्याची क्षमता दिसून आली. ‘पोपटपंची’ हा शब्द विद्यार्थ्यांसाठी वापरणाऱ्या प्राध्यापकवर्गाने हे ध्यानी घेण्यासारखे आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, शरीराच्या मानाने मेंदू मोठा असलेल्या पोपटांच्या जातींत बंदिवासातील निरर्थक पुनरावृत्त हालचाली अधिक आढळल्या. तसेच निसर्गात अन्न फोडण्या-सोलण्यात अधिक वेळ घालविणाऱ्या जातींत स्वतःची पिसे उपटण्याचे प्रमाण अधिक होते. ज्या बुद्धीमुळे पोपट हवासा वाटतो, तीच त्याच्या यातनेचे कारण ठरते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे ऑगस्ट 2015 मध्ये एका वृद्धेने, सावत्र मुलाचा पोपट आपल्याला शिवीगाळ करतो, अशी तक्रार केली. पोपटाला पोलीस ठाण्यात आणले गेले. तेथे तो एक शब्दही बोलला नाही. अखेर त्याला वनविभागाकडे सोपविण्यात आले. वृत्तपत्रांत ही बातमी गमतीची म्हणून छापली गेली. तक्रार पक्ष्याने उच्चारलेल्या अपशब्दांची होती, त्याच्या बंदिवासाची नव्हती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

सोडून देणे की सांभाळणे ?

येथवरचे विवेचन मान्य केल्यास, सर्व पिंजरे उघडावेत असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घातक आहे. वर्षानुवर्षे बंदिस्त राहिलेल्या पोपटाचे उड्डाणाचे स्नायू दुर्बल झालेले असतात. त्याला अन्न शोधता येत नाही, शिकरा वा मांजर ओळखता येत नाही, आणि बंदिवासातील रोग तो रानातील थव्याला देऊ शकतो. सणाच्या दिवशी पुण्य म्हणून उडविलेला पोपट संध्याकाळपर्यंत कावळ्यांच्या तावडीत सापडण्याची शक्यता मोठी. त्यामुळे वनपरिक्षेत्र कार्यालयाशी किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकाशी संपर्क साधून पक्षी स्वाधीन करणे, त्याची तपासणी होणे आणि तो सक्षम असल्यासच टप्प्याटप्प्याने मुक्त करणे, हाच योग्य मार्ग होय.

कठीण प्रसंग वेगळाच आहे. मुले शहरात गेलेल्या घरात पंधरा-वीस वर्षांचा पोपट ही एकट्या वृद्धाची खरीखुरी सोबत असते. ती तोडणे दोघांनाही जाचक ठरते आणि हा जाच कायद्याच्या कलमात मोजला जात नाही. कंठीवाला पोपट बंदिवासात वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे मालकाच्या पश्चात त्याचे काय, हाही प्रश्न उरतोच. अशा घरी जाणाऱ्या वनकर्मचाऱ्याने जप्तीच्या भाषेपेक्षा पशुवैद्य सोबत नेणे अधिक उपयुक्त ठरेल. पक्षी मुक्त होण्यास असमर्थ ठरला, तर त्याला पंख पसरता येतील एवढी जागा, कुरतडण्यास ताज्या फांद्या, सोलून खावे लागणारे अन्न आणि शक्य असल्यास स्वजातीयाचा सहवास मिळावा, ही किमान अपेक्षा आहे. आणि तो गेल्यानंतर त्या पिंजऱ्यात दुसरे पिलू येऊ नये.