सडा पडीक नसतो

महाविद्यालयांतल्या पर्यावरण प्रकल्पांचा परीक्षक म्हणून जाऊ लागल्यापासून एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याची चीड येते. मुलामुलींनी कोकणातल्या एखाद्या सड्याचा, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराचा, उपग्रह-नकाशा भिंतीवर लावलेला असतो. त्यावर त्यांनी पावसाळाभर पायपीट करून टिपलेल्या नोंदींचे ठिपके असतात. आणि समोरचं कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "पण नकाशात तर इथे काहीच दिसत नाही. पडीक जागेत कसली आली जैवविविधता?"

जागा पडीक नाही. नकाशात काही का दिसत नाही, ते एकदा नीट समजून घेऊ.

जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम बोटभर असते. जूनचा पहिला पाऊस पडला की रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडी फुलते. मग खळग्यांत पाणी साचतं, बेडूक अंडी घालतात, ओलसर कातळावर गेंद आणि सीतेची आसवे उगवतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. या मातीत नत्र फार कमी, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ते मिळवते. पावसाळा सरता सरता गेंद आणि सीतेची आसवे बी टाकून वाळून जातात. त्यांचं सारं आयुष्य तीन-चार महिन्यांचं.

आता उपग्रहाकडे या. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते. तिच्या चित्रातला बारीकातला बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, आणि तिला ढगांपलीकडचं दिसत नाही. सडा भरलेला असतो तेव्हा वर ढग असतात आणि ढग हटतात तेव्हा सडा वाळलेला असतो. जमीन-वापराचे नकाशे निरभ्र दिवसांच्या चित्रांवरून होतात, त्यामुळे त्यांत येतो तो बहुतेक उन्हाळ्यातला उघडा कातळ. त्या चित्रात सडा आणि चिरेखाण यांचा रंगही एकमेकांत मिसळतो. रडारचे उपग्रह ढगांतून पाहू शकतात, पण त्यांना ओलावा कळतो, पृष्ठभागाचा खडबडीतपणा कळतो. फूल कळत नाही.

"सरकारी कागदावरही पडीकच आहे ना," हे पुढचं वाक्य ठरलेलं. आहे. सातबाऱ्यावर कातळ ‘पोटखराब’ म्हणून लागतो, पण त्या शब्दाचा अर्थ लागवडीला अयोग्य एवढाच. तिथे काय जगतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने काढलेल्या ‘वेस्टलँड ॲटलास’मध्ये (२०१९) देशाची १६.९६ टक्के जमीन पडीक धरली आहे आणि खडकाळ, उघड्या जमिनीला त्यात स्वतंत्र वर्ग आहे. साताऱ्याचं कास पठारही उन्हाळ्यात असंच उघडं दिसतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. सड्याला सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरून माती आणून भरतात आणि आंब्याची कलमं लावतात. उपग्रहाला ही जागा हळूहळू हिरवी होताना दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते वनाच्छादन, मग ती खासगी बाग का असेना. म्हणजे सडा मोडला तर कागदावर वनाच्छादन वाढू शकतं! आणि दगडांखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, जिचं शास्त्रीय वर्णन १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून झालं, ती या हिशेबात कुठेच येत नाही.

माळरानांचीही हीच कथा. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रह-चित्रांवरूनच देशातल्या निमकोरड्या, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. त्यांच्या हिशेबाने त्या देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर आहेत आणि त्यांतल्या ५ टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रांत येतात. तंत्र तेच होतं, फक्त उघड्या जमिनीला रिकामी समजायचं नाही, हे आधी ठरवलेलं होतं.

म्हणून विद्यार्थ्यांचे ते ठिपके मोलाचे. एक गट जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ठरावीक वाटांनी चालतो, प्रत्येक डबक्याची जागा आणि तारीख लिहितो, गुराख्यांकडून स्थानिक नावं घेतो, मग हे सगळं उपग्रह-चित्रावर आणि गावच्या जमीन-गटांच्या नकाशावर बसवतो. "सड्यावर दुर्मीळ वनस्पती आहेत" या वाक्याने ग्रामसभेत काही हलत नाही. बेडकांचं डबकं अमुक गट क्रमांकात आहे आणि शेजारच्या गटात चिरेखाण मागितली आहे, हे दाखवलं की चर्चा सुरू होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "नकाशा गूगलवर मिळतो, मुलांनी काय केलं?" चित्र मिळतं, ते खरं आहे का हे जागेवर जाऊन तपासावं लागतं, आणि खरं काम तेच आहे. "याला लाखोंचं सॉफ्टवेअर लागतं." क्यूजीआयएस फुकट आहे, लँडसॅटची चित्रं २००८ पासून आणि सेंटिनेलची सुरुवातीपासून फुकट आहेत. "मोबाइलचा जीपीएस अचूक असतो." मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत, झाडीत आणि कड्याखाली चूक वाढते, म्हणून फोटो आणि खुणेचं वर्णन हवंच. "ठिपका नाही तिथे काही नाही." बहुतेकदा तिथे कुणी गेलेलंच नसतं, नोंदींचे ठिपके रस्त्याकडेला दाटतात ते याचमुळे.

आणि एक गैरसमज विद्यार्थ्यांचाच: सगळ्या नोंदी जाहीर केल्या की संवर्धन होतं. कृपा करून असं करू नका. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचा अचूक ठावठिकाणा जाहीर झाला की कंद उपटणारेही तिथे पोहोचतात. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळंही धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं स्थान मुद्दाम धूसर करतात.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावाला सडा असेल तर ती नोंदवही मागून घ्या आणि त्यात सड्याचं पान आहे का, ते पाहा. नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या मुलांना जूनच्या पहिल्या पावसाआधी बोलवा.