अभ्रकाची चमक आणि उद्योगाची सामूहिक जबाबदारी

सौंदर्यप्रसाधनांच्या दुनियेत चमकेला आगळे महत्त्व आहे. लिपस्टिकमधील मोतिया झळाळी, आयशॅडोतील रुपेरी छटा, नेलपॉलिशची लकाकी यांचे मूळ पुष्कळदा एकाच खनिजात असते; ते म्हणजे अभ्रक. आयुर्वेदातील अभ्रक भस्मामुळे आणि रांगोळी-गुलालात मिसळल्या जाणाऱ्या चमकीमुळे हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. मात्र हे खनिज आपल्या प्रसाधनपेटीपर्यंत कोणाच्या कष्टाने पोहोचते, याचा विचार क्वचितच केला जातो. ‘शाश्वत’ प्रसाधने म्हणजे केवळ पुनर्वापराच्या बाटल्या आणि वनस्पतिजन्य घटक नव्हेत. कच्चा माल गोळा करणाऱ्या माणसाचे जीवनही त्यात अंतर्भूत आहे.

अभ्रकाचे पापुद्रे अतिशय पातळ सुटतात. त्यांची भुकटी करून प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा सूक्ष्म थर चढवितात. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात व मोत्यासारखी झळाळी निर्माण होते. थराची जाडी बदलली की रंगछटाही बदलते. प्रसाधनाच्या वेष्टनावर ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ असा उल्लेख आढळल्यास त्यात अभ्रक आहे, असे समजावे.

खाणी बंद झाल्या, उपसा थांबला नाही

झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा हा जिल्ह्यांचा पट्टा अभ्रकासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. विजेच्या उपकरणांत विद्युतरोधक म्हणून अभ्रकाला मोठी मागणी होती, तेव्हा येथील खाणी गजबजलेल्या असत. पुढे अभ्रकाला पर्यायी पदार्थ निघाले. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमानंतर वनक्षेत्रातील खाणकामावर कडक निर्बंध आले आणि बहुतेक खाणी बंद पडल्या. रोजगार गेला, पण जमिनीतील अभ्रक तेथेच राहिले.

सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून व अरुंद विवरांतून अभ्रकाचे तुकडे वेचणे हाच अनेक कुटुंबांचा चरितार्थ बनला. या तुकड्यांना स्थानिक भाषेत ‘ढिबरा’ म्हणतात. सौंदर्यप्रसाधने आणि मोटारींचे रंग यांत भुकटीच लागत असल्याने या तुकड्यांनाही गिऱ्हाईक मिळाले. अधिकृत आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये देशात सुमारे १९ हजार टन अभ्रकाचे उत्पादन झाले, तर निर्यात मात्र सुमारे १ लाख २८ हजार टनांची होती. ही तफावतच नोंदीबाहेरच्या उपशाची साक्ष देते.

या कामात लहान मुलेही राबतात. विवरांचे छत कोसळून जीवितहानी होते आणि धुळीने फुप्फुसे निकामी होतात. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या शोधवृत्तातून दोन महिन्यांत किमान सात मुलांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीत झारखंडच्या अभ्रकक्षेत्रातील ६ ते १४ वयोगटातील ४,५४५ मुले शाळेत जात नसल्याचे आढळले.

एकटी कंपनी असमर्थ का ठरते?

वेचणाऱ्या कुटुंबाकडून ढिबरा गावच्या व्यापाऱ्याकडे जातो, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडे व निर्यातदाराकडे. पुढे परदेशातील रंगद्रव्य उत्पादक तो घेतात आणि शेवटी प्रसाधन कंपनीस तयार रंगद्रव्य मिळते. पहिल्या दोन टप्प्यांतच शेकडो हातांचा माल एका ढिगात मिसळतो. कोणता तुकडा प्रौढाने वेचला आणि कोणता बालकाने, हे त्यानंतर ओळखणे शक्य नसते. एका कंपनीने कितीही कठोर अट घातली, तरी तिचा माल त्याच ढिगातून येतो.

अशा वेळी माघार घेण्याचा मार्ग सोपा वाटतो. ब्रिटनच्या लश कंपनीने २०१४ मध्ये नैसर्गिक अभ्रक सोडून देण्याचा मनोदय जाहीर केला व कृत्रिम अभ्रकाचा अवलंब केला. कृत्रिम अभ्रक भट्टीत तयार होते. ते शुद्ध व एकसारखे असते, परंतु त्यास मोठी ऊर्जा लागते. याउलट लोरियालसारख्या कंपन्यांनी अशी भूमिका घेतली की, भारतीय अभ्रकाची खरेदी थांबविल्यास त्या भागातील कुटुंबे अधिकच दुर्बल होतील. दोन्ही भूमिकांमागे तर्क आहे. तथापि, खरेदीदार निघून गेल्याने मूल आपोआप शाळेत जात नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.

सहकार्याची वाट

या विचारातून २०१६ मध्ये दिल्ली येथे संबंधितांची बैठक झाली आणि २०१७ च्या प्रारंभी पॅरिस येथे ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. बाजारात परस्परांच्या स्पर्धक असलेल्या प्रसाधन कंपन्या, रंगद्रव्य उत्पादक आणि बालहक्कांसाठी झटणाऱ्या संस्था येथे एकत्र आल्या. पुढे अन्य उद्योगांतील कंपन्याही सामील झाल्या.

संस्थेच्या कार्याचे तीन आधारस्तंभ आहेत. पहिला, पुरवठा साखळीतील प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणे व कामाच्या ठिकाणी समान निकष लागू करणे. दुसरा, गावांमध्ये शिक्षण, आरोग्य आणि पर्यायी उपजीविका यांचा विस्तार. तिसरा, ढिबरा वेचण्यास कायद्याची चौकट मिळावी म्हणून शासनाशी संवाद. यांतील तिसरा स्तंभ विशेष मोलाचा आहे. व्यवसाय बेकायदा ठरला की वेचणाऱ्यास रास्त दर मागता येत नाही आणि सुरक्षेचा आग्रहही धरता येत नाही.

२०२२ पर्यंत बालमजुरी संपविण्याचे मूळ उद्दिष्ट साध्य झाले नाही. आता २०३० चे लक्ष्य समोर आहे. या विलंबाचे कारण दारिद्र्यात दडलेले आहे. अनेक कुटुंबे व्यापाऱ्याच्या वा सावकाराच्या उचलीत अडकलेली असतात आणि ती फेडण्यासाठी मुलांचे हातही कामाला जुंपले जातात. म्हणून शाळेच्या इमारतीइतकेच बचत गट, स्वल्प व्याजाचे कर्ज आणि कुटुंबाचे स्वतःचे बँक खाते यांचे महत्त्व आहे. आईवडिलांचे उत्पन्न वाढल्याखेरीज मुलाची सुटका टिकत नाही.

एरंडाचे उदाहरण

सहकार्याचे असेच एक उदाहरण शेतीतही आढळते. लिपस्टिकसह अनेक प्रसाधनांत एरंडेल तेल वापरतात आणि जगातील एरंडीच्या उत्पादनात भारत अग्रस्थानी असून त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०१६ मध्ये आर्केमा, बीएएसएफ, मुंबईची जयंत अ‍ॅग्रो-ऑरगॅनिक्स आणि सॉलिडॅरिडॅड ही संस्था यांनी तेथे ‘प्रगती’ प्रकल्प सुरू केला. पाण्याचा काटकसरीने वापर, कीटकनाशकांची सुरक्षित हाताळणी आणि उत्पादनवाढ यांचे प्रशिक्षण शेतकऱ्यांना मिळू लागले. शेतकऱ्याचा लाभ आणि पर्यावरणाचे हित येथे एकाच वाटेने चालले. अभ्रकाच्या तुलनेत हे काम सुकर होते, कारण शेतकऱ्याचा व्यवसाय मुळातच कायदेशीर आहे.

सुजाण ग्राहकाची भूमिका

ग्राहक या नात्याने आपण काय करू शकतो? वेष्टनावर अभ्रकाचा उल्लेख असल्यास, ते कोठून येते आणि त्याची पडताळणी कोण करते, अशी विचारणा कंपनीकडे करावी. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबून राहू नये; बालकाने वेचलेले अभ्रकही नैसर्गिकच असते. आपण समभागधारक असाल, तर आणखी एक साधन हाती आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. कच्च्या मालाची खरेदी शाश्वत मार्गाने करण्याची व्यवस्था आहे काय, हे त्यात नमूद करावे लागते. वार्षिक अहवालातील नफ्यातोट्याच्या आकड्यांबरोबर ही पानेही अवश्य चाळावीत.

स्पर्धा उत्पादनांत असावी; त्यांच्या मुळाशी असलेल्या माणसांच्या हिताबाबत सहकार्यच हवे. या सहकार्याचे यश सभासदांच्या संख्येवर वा प्रमाणपत्रांवर मोजता येणार नाही. कोडरम्याच्या गावांतील किती मुले ढिगाऱ्याऐवजी वर्गात बसली, हेच त्याचे खरे मोजमाप होय.